पेटीवरील चित्र आणि दुसरी रचना

(नाशिक जिल्ह्यातील एका केंद्राच्या शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आजच्या विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘जोडणीच्या खेळण्यांतून शिक्षण’ असा भारदस्त विषय लिहिलेला आहे. त्या विषयाचा एकच भाग मी आपणांपुढे मांडणार आहे. पेटीच्या झाकणावर जे चित्र छापलेले असते, ते एकदा तयार झाले म्हणजे पुढे काय करावयाचे, एवढाच माझा प्रश्न आहे. चित्राप्रमाणे वस्तू झाली. मुलांनी टाळ्या वाजविल्या. आता ती मोडावयाची की कपाटावर मांडून ठेवावयाची? मोडली तर त्याच तुकड्यांतून दुसरे काय उभे राहते? पंचवीस वर्षांच्या नोकरीत मला ह्या दुसऱ्या रचनेचाच नाद लागला आहे. तो कसा लागला ते सांगताना माझी एक चूकही सांगावी लागेल. ती आरंभीच सांगून टाकतो.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी एका लहान गावच्या शाळेत होतो. शाळेला भोके पाडलेल्या लोखंडी पट्ट्यांची एक पेटी मिळाली होती. पट्ट्या, कोन, चाके, कप्प्या, नटबोल्ट, एक पाना आणि एक तक्ता. तक्त्यावर यारीचे, म्हणजे ओझे उचलणाऱ्या यंत्राचे, चित्र होते. तपासणी आठ दिवसांवर आली होती. चौथीच्या मुलांचे गट पाडून मी त्यांना यारी करावयास बसविले. एका गटाची यारी लवकर झाली. त्या गटातील एका मुलाने ती आपल्या मनाने मोडली आणि मी दुसऱ्या गटापाशी असताना काहीतरी निराळेच जोडून ठेवले. एक आडवी पट्टी, तिला खाली तीन उभ्या पट्ट्या, मध्ये एक लांब दांडी आणि वर उलटी बसविलेली एक वाटीसारखी चकती. मी विचारले, “हे काय?” तो म्हणाला, “गुरुजी, तिफण हाये.”

मी त्याला ती मोडून पुन्हा यारी करावयास सांगितले. तो एवढेच म्हणाला, “पीक बदललं का फणातलं अंतर बदलावं लागतं, म्हनून भोकं मोजून लावलंय.” मी ऐकले, पण ऐकून घेतले नाही. तपासणी झाली. यारीबद्दल शेराही बरा मिळाला. त्यानंतर वर्षभर तो मुलगा पेटीजवळ आला की तक्ता समोर धरी आणि तक्त्याबरहुकूम जोडी. चुकत नसे. दुसरे काही करीत नसे.

त्या मुलाने काय केले होते ते मला फार उशिरा समजले. पट्टीवरील भोके सारख्या अंतरावर असतात, हे त्या पेटीतील मुख्य तत्त्व होय. शेतातील ओळीही सारख्या अंतरावर असतात. ह्या दोन गोष्टींचा मेळ त्याने घातला. दिंडावर फण किती भोके सोडून बसवावयाचे हे ठरविले की ओळींतील अंतर ठरते. मापन, प्रमाण आणि शेती ह्या तिन्ही विषयांचा पाठ त्या एका वस्तूत होता. आणि मी तो तपासणीसाठी मोडावयास लावला. असो.

ह्या पेट्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. इंग्लंडातील लिव्हरपूल शहरी फ्रँक हॉर्नबी नावाचे एक गृहस्थ कचेरीत नोकरी करीत. आपल्या मुलांसाठी ते पत्र्याची खेळणी घरीच बनवीत. प्रत्येक खेळण्यासाठी निराळे तुकडे कापण्याचा त्यांना कंटाळा आला. तेव्हा त्यांना सुचले की, सर्व पट्ट्यांना सारख्या अंतरावर भोके पाडली आणि नटबोल्टांनी त्या जोडल्या, तर एकच पट्टी आज पुलात आणि उद्या गाडीत वापरता येईल. १९०१ साली त्यांनी ह्या कल्पनेचे पेटंट घेतले. पुढे हीच खेळणी ‘मेकॅनो’ ह्या नावाने जगभर गेली. दोन भोकांतील अंतर अर्धा इंच. आपल्याकडे ‘मेकॅनिक्स’ ह्या नावाने मिळणाऱ्या पेट्यांचे कुळ हेच आहे. म्हणजे ‘दुसरी रचना’ ही ह्या खेळण्याला मागाहून चिकटविलेली करमणूक नव्हे. तीच त्याची मूळ प्रेरणा. एकाच वस्तूसाठी तुकडे करावयाचे असते, तर भोके सारख्या अंतरावर पाडण्याची गरजच नव्हती. ह्या खेळण्याची मजल कोठवर गेली पाहा. १९३४ साली मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि त्यांचे विद्यार्थी आर्थर पोर्टर ह्यांनी मेकॅनोच्या भागांतून गणिती समीकरणे सोडविणारे एक यंत्र उभे केले. पेटीवर त्या यंत्राचे चित्र अर्थातच नव्हते.

डेन्मार्कमधील लेगोच्या विटांची गोष्टही अशीच. ओले किर्क क्रिस्तियान्सन हे मूळचे सुतार. लाकडी खेळणी करीत. त्यांच्या कारखान्याने प्लास्टिकच्या, एकीत दुसरी घट्ट बसणाऱ्या, विटेचे पेटंट जानेवारी १९५८ मध्ये मागितले. आठ बुंध्यांच्या, एकाच रंगाच्या, दोन विटा एकमेकींवर किती तऱ्हांनी बसतात? आपण मनाशी एक आकडा धरा. उत्तर २४ आहे. तीन विटांच्या रचना १,०६० होतात. आणि सहा विटांच्या? कोपनहेगनच्या गणितज्ञांनी संगणकावर मोजून काढलेली संख्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ एवढी आहे. मी वर्गात दोन विटांचा हिशेब मुलांकडून करवून घेतो. विटा दोन्ही एका दिशेस ठेवल्या तर ११ रचना, एक आडवी व एक उभी ठेवली तर १३. पाचवीची मुले तासाभरात हे शोधून काढतात. फक्त एकच रचना फिरवून दोनदा मोजू नये एवढे बजवावे लागते. खऱ्या विटा नसतील तर चौकटीच्या वहीचा पुठ्ठ्यावर चिकटविलेला कागद कापूनही हे साधते.

पण लेगोची पेटी आपल्या शाळांना परवडणारी नाही, हे मी जाणतो. आपणांपैकी कोणी मनात म्हणत असेल, की गुरुजी परदेशच्या गोष्टी सांगतात आणि आमच्या शाळेत खडूची वानवा. म्हणून आता घराकडे येतो.

आपल्याकडे जोडणीची पेटी कधीच विकत आणावी लागली नाही. सुगीनंतर ज्वारीचे धांडे खळ्यावर पडलेले असत. त्याची साल सोलली की आत पांढरे, हलके भेंड. भेंडाचे तुकडे म्हणजे विटा, आणि सालीच्या टोकदार चोयट्या म्हणजे खिळे. त्यांतून बैलगाडी होई. गाडीची चाके, जू, साटी, सारे होई. खिळा नाही, डिंक नाही, सुतळीही नाही. संध्याकाळी गाडी मोडून त्याच भेंडाचे बैल होत, बैलांचा माणूस होई, आणि माणसाच्या डोक्यावर पागोटेही बसे. येवले, नांदगाव, मालेगाव ह्या बाजूच्या ज्या शिक्षकांचे बालपण खेड्यात गेले, त्यांच्या बोटांवर सालीने कापल्याच्या खुणा अजून असतील. (सालीची धार फार वाईट असते. लहान मुलांना साल मोठ्यांनीच काढून द्यावी.) इगतपुरी, पेठ, सुरगाणा ह्या पावसाळी भागांत ज्वारी नाही, तेथे बांबू आहे, कारवीच्या काड्या आहेत, सागाची पाने आहेत. प्रत्येक तालुक्याची पेटी निराळी.

हा विचार नवीन नाही. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीत, नेले. बालवाडीसाठी लागणारी किमती साधने त्यांना नको होती. बिया, शिंपले, दगडगोटे, पाने, काड्या ह्यांवर त्यांनी व अनुताई वाघ ह्यांनी साधनांची सारी उभारणी केली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालविली. तेथे साधने कुरणातच मिळत. अनुताईंच्या शिक्षकी पेशाची आरंभीची काही वर्षे आपल्याच नाशिक जिल्ह्यात गेली, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

ह्या संदर्भात दोन थोर शिक्षणतज्ज्ञांमधील एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. मादाम माँटेसरी १९३९ साली भारतात आल्या आणि त्यांची पद्धत आपल्याकडे रुजली. त्यांच्या साधनांत प्रत्येक वस्तूचा उपयोग ठरलेला असतो. दट्ट्या चुकीच्या खोबणीत बसत नाही. चूक मुलालाच कळते. हा त्या साधनांचा मोठा गुण होय. परंतु तेथे दुसऱ्या रचनेला वाव थोडा. त्यांच्या आधी शंभर वर्षे, १८३७ मध्ये, जर्मनीत फ्रोबेल ह्यांनी बालोद्यानाचे काम सुरू केले. त्यांनी मुलांना द्यावयाच्या वस्तूंना ‘देणग्या’ असे नाव दिले. त्यांतील तिसरी देणगी म्हणजे एका लाकडी पेटीतील आठ सारखे घन. फ्रोबेलांचा एक नियम होता. प्रत्येक रचनेत आठही घन वापरले पाहिजेत, एकही बाजूस पडता कामा नये. आणि पहिली रचना विस्कटून टाकावयाची नाही, एकेक घन हलवून तिच्यातूनच दुसरी काढावयाची. खुर्चीतून बाक निघावा, बाकातून विहीर निघावी, विहिरीतून पायऱ्या निघाव्यात.

मला हा नियम आवडतो, पण पुरता पटत नाही. घनांच्या बाबतीत तो सुंदर आहे. पट्ट्यांच्या पेटीत मात्र सर्व तुकडे वापरण्याचा आग्रह धरला तर मूल तिफणीला विनाकारण चार चाके लावून ठेवते. तेव्हा हा नियम लाकडी ठोकळ्यांपुरता ठेवावा, असे माझे मत आहे.

आठ घनांचा गणितातील उपयोग आपण सर्व जाणताच. आठांतून तीन इष्टिकाचिती होतात. एका रांगेत आठ. दोन रांगांत चार-चार. आणि दोन-दोन-दोनचा मोठा घन. घनफळ तिन्हींचे आठ. पृष्ठफळ मात्र अनुक्रमे ३४, २८ आणि २४. घनफळ तेच असून पृष्ठफळ बदलते, ही गोष्ट फळ्यावर लिहून सातवीच्या मुलांनाही पटत नाही. हातात आठ ठोकळे दिले तर चौथीच्या मुलाला ती दिसते. मग “धान्य साठवायची कोठी कशी बांधली तर पत्रा कमी लागेल?” असे विचारावे.

आता माझ्या आवडीच्या रचनेकडे वळतो. तिचे साहित्य म्हणजे काडीपेटीतील बारा काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी.

ही युक्ती कोणाची ते सांगितले पाहिजे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली खेड्यांतील शाळांसाठी विज्ञान शिकविण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. १९७८ साली अरविंद गुप्ता हे अभियंते पुण्याच्या मोटार कारखान्यातून रजा घेऊन त्या कार्यक्रमात काम करावयास गेले. कानपूरच्या आय.आय.टी.त शिकलेला हा माणूस आठवडे बाजारातील वस्तूंतून साधने शोधीत हिंडला. तेथे त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि काडीपेटीतील काडी ह्यांचा मेळ सापडला. काडी त्या नळीत नेमकी घट्ट बसते. झाली जोडणीची पेटी! त्यावरील त्यांचे छोटे पुस्तक अनेक भारतीय भाषांत गेले. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षे मुलांसाठी असेच काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

कृती अशी. काड्यांचे गुल प्रथम खरवडून काढावे. ते काम शिक्षकाने करावे, मुलांवर सोपवू नये. नळीचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे करावे. तुकड्याच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी खुपसली की दोन काड्यांचा सांधा झाला. तुकड्याच्या मधोमध बाभळीच्या काट्याने छिद्र पाडून त्यात टोक केलेली तिसरी काडी बसविली की तिघींचा सांधा झाला. छिद्रातून नळीचा दुसरा तुकडा ओढून घेतला की चार तोंडांची फुली मिळते. ज्या गावी ही नळी मिळत नाही तेथे रात्रभर भिजविलेले वाटाणे किंवा हरभरे घ्यावेत. ते वाळले की सांधे आवळून घट्ट होतात. फ्रोबेलांच्या बालोद्यानातही वाटाण्याचे आणि काड्यांचे काम असे.

प्रथम तीन काड्यांचा त्रिकोण करावा. दाबून पाहा; तो हलत नाही. चार काड्यांचा चौरस करा. तो लगेच झुकतो, समभुज चौकोन होतो, पार चपटा होतो. चौरसाला एक कर्ण लावला की तो त्रिकोणासारखा ताठ उभा राहतो. पंचकोनाला दोन कर्ण लागतात, षट्कोनाला तीन. किती कर्ण लागतील हे मुलांना आपण सांगू नये. ती करीत जातात, मोजत जातात, आणि एकदोन दिवसांनी कोणीतरी सांगते, की बाजूंतून तीन वजा केले की कर्णांची संख्या येते.

आणि आता बारा काड्या. बारा काड्यांतून घन होतो. बाजू बारा, कोपरे आठ, प्रत्येक कोपऱ्यात तीन काड्या. मुले मोठ्या हौसेने घन करतात, कारण तो पुस्तकात आहे. हात काढताच घन एका बाजूस कलतो आणि बसतो. मुले हिरमुसतात. येथेच शिक्षकाचा खरा प्रसंग असतो. आपण पुढे होऊन घन हातांनी धरून ठेवू नये. तो मोडू द्यावा. बाराही काड्या परत ढिगात येऊ द्याव्यात आणि म्हणावे, “ह्याच बारांचे दुसरे काहीतरी करा.”

काय काय होते ते मी निरनिराळ्या वर्गांत पाहिले आहे. बहुतेक मुले सहा-सहा काड्यांची दोन चतुष्फलके करतात. चतुष्फलक म्हणजे चारही बाजूंनी त्रिकोण असलेली पाल. ती टाकली तरी मोडत नाही. काही मुले जमिनीवर सपाट चक्र करतात. सहा काड्यांचा षट्कोन आणि सहा काड्यांचे आरे. त्या चक्रातील कोणतीही एक काडी काढली तरी ते टेबलावर ताठच राहते, हे एकदा एका मुलीने मला दाखविले. तोवर मला ते ठाऊक नव्हते. काही मुले चार चौरसांची खिडकी करतात आणि त्यात चौरस किती म्हणून एकमेकांना कोडे घालतात. (पाच, बाहेरचा मोठा धरावयाचा.) आणि एखाद्या वर्गात एखादे मूल चौरस करते, त्याच्या वर चार काड्यांचे शिखर करते, आणि उरलेल्या चार काड्या खालच्या बाजूस लावून खालीही शिखर करते. झाले अष्टफलक. बाजू बारा, कोपरे सहा, प्रत्येक कोपऱ्यात चार काड्या. ते पूर्ण होईपर्यंत डुगडुगते. बारावी काडी बसली की एकदम ताठ होते. तो क्षण मुलांच्या चेहऱ्यावर पाहण्यासारखा असतो.

त्याच बारा काड्या. घन कोसळतो, अष्टफलक उभे राहते. का? जेम्स क्लार्क मॅक्सवेल ह्यांनी १८६४ साली ह्याचा नियम दिला आहे. सांगाडा ताठ राहावयाचा तर कोपऱ्यांच्या तिपटीतून सहा वजा केल्यावर येतील निदान तेवढ्या काड्या हव्यात. घनाचे कोपरे आठ. तिप्पट चोवीस, वजा सहा, अठरा. बाराच आहेत, सहा कमी. म्हणून प्रत्येक बाजूस एकेक, असे सहा कर्ण लावावे लागतात, आणि त्यांच्यासाठी थोड्या लांब काड्या शोधाव्या लागतात. अष्टफलकाचे कोपरे सहा. तिप्पट अठरा, वजा सहा, बारा. नेमके बारा. मुलांना हे सूत्र सांगण्याची घाई नको. परंतु शिक्षकाला ते ठाऊक असले म्हणजे मुलाने केलेली अनपेक्षित वस्तू पाहून त्याला काय विचारावे हे सुचते. रेल्वेच्या पुलाला आणि विजेच्या मनोऱ्याला तिरक्या पट्ट्या का असतात, हे मग मुलेच आपणांस येऊन सांगतात.

अमेरिकेतील नामांकित रचनाकार बकमिन्स्टर फुलर आपल्या लहानपणची एक आठवण सांगत. त्यांची दृष्टी अधू होती. बालोद्यानात सर्व मुलांना वाटाणे आणि काड्या दिल्या. इतर मुलांनी पाहून पाहून चौकोनी घरे केली. फुलरना नीट दिसत नव्हते, म्हणून ते हाताने दाबून पाहात गेले, आणि जे हलत नाही तेच ठेवीत गेले. शेवटी चतुष्फलके व अष्टफलके जोडलेला सांगाडा तयार झाला. पुढे त्यांनी ह्याच रचनेवर मोठमोठ्या इमारतींची छपरे उभी केली. त्या बाईंनी, “हे घर नव्हे, पुन्हा कर,” असे म्हटले नाही. उलट, शेजारच्या शिक्षिकेला पाहावयास बोलाविले. मला हे वाचताना माझ्या शाळेतील तिफण आठवली.

आता आपल्या अडचणींविषयी. २०२३ साली केंद्र सरकारने ‘जादुई पिटारा’ ह्या नावाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळण्यांचा संच पुढे आणला, आणि खेळण्यांतून शिक्षण हा आता शासनमान्य शब्दप्रयोग झाला आहे. ही चांगली गोष्ट आहे. परंतु कोणतीही पेटी शाळेत आली की प्रथम तिची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात होते, आणि नोंद झाली की ती कपाटात जाते. शिक्षकांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. चार नट हरवले तर खुलासा त्यांनाच द्यावा लागतो. ‘मोडू नका’ हे वाक्य आपल्या तोंडी येते ते कंजूषपणाने नव्हे, भीतीने.

ह्यावर मी एक उपाय केला आणि तो बऱ्यापैकी लागू पडला. पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस चित्राऐवजी मोजदादीचा कागद चिकटविला. लांब पट्ट्या इतक्या, आखूड इतक्या, नट इतके, बोल्ट इतके. तास संपला की एक गट मोजणार, दुसरा गट तपासणार. पहिल्या महिन्यात सात नट हरवले; तिसऱ्या महिन्यात एक. मोजदाद हाच दुसरीच्या वर्गाचा गणिताचा पाठ झाला. हरवलेल्या नटांची नोंद मी केंद्रप्रमुखांपुढे ठेवली, तेव्हा ते म्हणाले, “नवी पेटी घरंगळली असती तर मी विचारले असते, वापरलेली पेटी झिजली तर काय विचारू?” सर्वच अधिकारी असे भेटतील असे नाही. पण विचारून पाहावे.

आणखी एक लहान गोष्ट. रचना मोडण्यापूर्वी मुलाने ती वहीत काढावी, किती तुकडे लागले ते लिहावे आणि तिला नाव द्यावे. चित्र वाकडे आले तरी चालेल. म्हणजे मोडताना मुलाला वाईट वाटत नाही, आणि दुसऱ्या मुलाला त्या चित्रावरून ती वस्तू पुन्हा उभी करता येते. माझ्यापाशी आज मुलांच्या अशा चित्रांच्या तीन वह्या आहेत. त्यांत आजीचे जाते आहे, रामकुंडावरचा पूल आहे, पाळणा आहे, कांद्याची चाळ आहे, द्राक्षबागेचा मांडव आहे, आणि एक यंत्र असे आहे की ते कशाचे हे त्याच्या कर्त्यालाही सांगता आले नाही. त्याला मी गुण दिले. गुण का दिले, असे एका सहकाऱ्यांनी विचारले. त्या यंत्रात एक दाते असलेले चाक फिरविले की दुसरे उलट फिरत होते आणि तिसरे पुन्हा सुलट फिरत होते. ते मुलाने स्वतः शोधले होते. नावाचे पुढे पाहता येईल.

माझ्याजवळच्या वह्यांत ती तिफण मात्र नाही, कारण तिचे चित्र काढून घेण्याचे मला त्या वेळी सुचले नाही. मागच्या महिन्यात तशीच एक जुनी पेटी घेऊन मी ती आठवून आठवून जोडली. तीनदा चुकलो. ती आज येथे टेबलावर ठेवली आहे. दिंड आणि फण बरे जमले आहेत. अंतरही भोके मोजून कमीजास्त करता येते. चाडे मात्र एका बाजूस कलते, त्यामुळे तिन्ही नळ्यांत दाणे सारखे पडत नाहीत. त्या मुलाने ते सरळ कसे बसविले होते, हे मला अजून उमगलेले नाही. आपणांपैकी बऱ्याच जणांच्या घरी शेती आहे. चहाच्या सुट्टीत ज्यांना वाटेल त्यांनी पाना हाती घ्यावा आणि ती खुशाल मोडून पाहावी. शेजारी प्रत्येकासाठी बारा काड्या आणि मूठभर भिजविलेले हरभरे ठेवले आहेत. हरभरे खाऊन टाकू नयेत, एवढीच विनंती.